वर्षावासातली वाळवी

वाळवी सगळ्यात आधी दिसली माझ्या आईला. विहाराच्या मागच्या खोलीत ती सतरंज्या आणायला गेली होती. भिंतीवर जमिनीपासून वर चढत गेलेल्या मातीच्या बारीक नळ्या तिनं पाहिल्या, त्या कुठं पोचल्यात ते पाहिलं, आणि बाहेर येऊन म्हणाली, "बरं झालं, घरात नव्हते ठेवले."

ती पप्पांच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांबद्दल बोलत होती.

माझे वडील चिकलठाण्याच्या एका कंपनीत फिटर होते, पण तो झाला पोटापाण्याचा उद्योग. खरा उद्योग पत्रकांचा. मोर्च्याची पत्रकं, निषेधाची, आवाहनाची, धम्म परिषदेची, पाणीपट्टीविरुद्धची. एका पत्रकाला उत्तर देणारं दुसरं पत्रक, आणि दुसऱ्यातल्या भाषेबद्दल दिलगिरी व्यक्त करणारं तिसरं. काही त्यांनी लिहिली, काही वाटली, बाकीची दिसतील तिथून जमवली. माझी अक्षरओळख त्यांच्यावरच झाली. वर्गातली पोरं 'कमळ' आणि 'बदक' वाचत होती तेव्हा मी 'जाहीर' आणि 'तीव्र' वाचत होते. बाईंनी गृहपाठ का केला नाही असं विचारल्यावर मी 'सदर बाबीस प्रशासन सर्वस्वी जबाबदार आहे' असं उत्तर दिल्याचं आई अजून पाहुण्यांना सांगते. मला ते आठवत नाही, पण उत्तर पटतं.

मी लहान असताना आईनं घरात ठराव मांडला होता की 'एकतर ही पत्रकं राहतील, नाहीतर मी राहीन.' पप्पांनी विचार करायला वेळ मागितला, हे तिनं त्यांना अजून माफ केलेलं नाही. शेवटी पत्रकं आमच्या हर्सूलकडच्या कॉलनीतल्या विहारात गेली. मागच्या खोलीत लाकडी मांडणी, तिच्यावर सुतळीनं बांधलेले गठ्ठे, दारावर 'ग्रंथालय' अशी पाटी आणि तिच्याखाली पप्पांच्या हातचा नियम: कोणतेही साहित्य खोलीबाहेर नेता येणार नाही. तो नियम मोडायची वेळच कधी आली नाही, कारण खोलीत साहित्य वाचायलाही कुणी येत नसे. निवृत्त झाल्यापासून पप्पा रोज संध्याकाळी तिथं जायचे, गठ्ठे झटकायचे, सुतळ्या आवळायचे आणि घरी यायचे. त्यांनी आयुष्यात दुसरं काही जमवलेलं नव्हतं.

आता हे गठ्ठे वाळवीच्या तोंडाशी होते. औषध फवारणाऱ्याला फोन केला असता तर गोष्ट तिथंच संपली असती. पण वर्षावास चालू झाला होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आषाढी पौर्णिमेपासून अश्विनी पौर्णिमेपर्यंत भिक्खू एका जागी राहतात. जुन्या काळी ते बाराही महिने पायी फिरत. पावसाळ्यात जमिनीतून बारीक बारीक जीव वर येतात, ते पायाखाली चिरडू नयेत म्हणून या दिवसांत चालणंच बंद. म्हणजे ज्या तीन महिन्यांची कल्पनाच किडामुंगीच्या काळजीतून निघाली, नेमक्या त्याच महिन्यांत आमच्याकडं वाळवी आली. या दिवसांत विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. त्याआधी सगळे हात जोडून पंचशील घेतात, आणि पंचशीलातलं पहिलंच शील म्हणजे जीवहत्येपासून दूर राहीन.

पहिल्या रविवारी वंदना झाल्यावर विषय निघाला. मला वाटलं होतं, पाच मिनिटांत निघेल आणि पाच मिनिटांत संपेल.

विहार समितीचे अध्यक्षकाका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. ग्रंथातलं करुणेवरचं पानही ते शासनाचं परिपत्रक वाचावं तसं वाचतात, स्वल्पविरामाला थांबून आणि संदर्भ क्रमांक शोधत. त्यांचं म्हणणं असं पडलं की शील हे ज्यानं घेतलं त्याच्यावर बंधनकारक. औषधवाल्यानं शील घेतलेलं नाही. आपण फक्त त्याला फोन करायचा. फोन करण्याला हिंसा म्हणता येणार नाही.

"मग सुपारी देणाऱ्याला पोलीस का धरतात?" असं शिबिरवाल्या काकांनी शांतपणे विचारलं.

हे काका सगळंच शांतपणे विचारतात. ते वर्षातून दोनदा मौनाच्या शिबिराला जाऊन येतात आणि आल्यावर आठवडाभर त्या मौनाबद्दल बोलतात. त्यांच्या मते शीलात 'जीव' म्हटलंय, जीव किती मोठा ते म्हटलेलं नाही. म्हणून वाळवीला मारायचं नाही. तिच्यासमोर बसायचं, मैत्रीभावना द्यायची, ती आपली वाट धरते. मी त्यांना विचारलं की तुमच्या पलंगाशेजारी डास मारायची विजेची रॅकेट लटकलेली असते, तिचं काय. ते म्हणाले की ती मी हलवत नाही, नुसती धरून बसतो, डास स्वतःच्या इच्छेनं येतात.

मग मावशी उठल्या. मावशी महिला मंडळाच्या प्रमुख. नात्यानं त्या कुणाच्याच मावशी नाहीत, पण अख्खी कॉलनी त्यांना मावशी म्हणते आणि थोडी घाबरते. त्या म्हणाल्या, "माणसानं माणसाला जनावरावानी वागवू नये, म्हणून आलंय ते शील. आपल्या बापजाद्यांना ज्यांनी तुडवलं त्यांना मुंगीची लई दया होती. साखर टाकायचे मुंगीला. मला वाळवीचं नका सांगू."

यावर टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. पण मावशींनाच मग कुणीतरी आठवण करून दिली की वर्षावासात मटण बंद ठेवायचा आग्रह महिला मंडळाचाच होता. मावशी म्हणाल्या की ते वेगळं, तीन महिने रविवारी चुलीपुढं उभं राहावं लागत नाही.

सगळे रोज तेच वाक्य, त्याच सुरात, एकाच वेळी म्हणत होते. मी लहानपणापासून समजत होते की एका सुरात म्हणणारे लोक एकच गोष्ट म्हणत असतात. त्या रविवारी कळलं की आमच्या विहारात जेवढी डोकी तेवढी पहिली शीलं आहेत. अध्यक्षांनी वाळवीचा विषय वर्षावास संपेपर्यंत तहकूब केला. वाळवीनं केला नाही.

पप्पा त्या बैठकीत काहीच बोलले नाहीत. घरी येताना मी त्यांच्यावर भडकले. म्हटलं, तुमचा जन्म गेला त्या कागदांत, तुम्ही एक शब्द बोलला असता तर उद्या सकाळी औषध मारून झालं असतं. ते रस्त्यातला चिखल चुकवत चालत होते.

"दर रविवारी पोरांना ते शील मीच शिकवतो," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या घरात वाळवी असती तर मी काय सांगितलं असतं? माझे कागद आहेत म्हणून शील सोडायचं व्हय?"

उत्तर सुचलं नाही की आमच्या घरात पत्रक निघतं.

मी पत्रक काढलं. मथळा होता 'वाळवीचा प्रश्न आणि आपण'. मांडणी अशी की शील विवेकासाठी असतं, विवेक कागदावर असतो, आणि जो कागद खाऊ देतो तो विवेकाच्या हत्येत सामील असतो. पप्पांनी ते वाचलं, दोन उद्गारचिन्हं खोडली, 'सामील'च्या आधीचं 'निर्लज्जपणे' खोडलं, आणि म्हणाले की मुद्दा पटला नाही पण पत्रक चांगलं आहे. शेवटी मी आधार म्हणून एका जुन्या पुस्तिकेचा दाखला दिला होता. मागच्या खोलीत, खालून दुसऱ्या फळीवर, डावीकडच्या गठ्ठ्यात आहे, असंही लिहिलं होतं.

दोन दिवसांत कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर शिबिरवाल्या काकांचं उत्तर आलं. ते इतकं लांब होतं की 'पुढे वाचा' हे तीनदा दाबावं लागलं. त्यावर मावशींचा आवाजी संदेश आला. त्यात पहिल्यांदा बराच वेळ कुकरच्या शिट्ट्या होत्या आणि मग मुद्दा होता. अध्यक्षांनी दोन्ही बाजूंची नोंद घेण्यात आली आहे असं कळवलं.

दरम्यान अध्यक्षांनी फक्त पाहणीसाठी म्हणून औषधवाल्याला बोलावून घेतलं. तो शहागंजाकडून स्कूटरवर आला. त्यानं नळ्या पाहिल्या, भिंतीवर बोटानं ठकठक केलं आणि भाव सांगण्याआधीच सगळ्यांनी त्याला घेरलं. शिबिरवाल्या काकांनी विचारलं की असं एखादं औषध आहे का, की ज्यानं वाळवी जाईल पण मरणार नाही.

"ऐसी दवा रहती तो पैले मेरे घर में मारता था साब," तो म्हणाला. "ससुराल के लोगां आ को बैठे हैं."

मग हा घोळ कशाचा चाललाय ते त्याला समजावून सांगण्यात आलं. मला वाटलं तो हसेल. पण तो पायरीवर टेकला आणि म्हणाला की आमच्यातही आहे हे. त्याच्या वडिलांनी त्याला बजावलं होतं की मुंगीला मारायला मनाई आहे. त्यानं हा धंदा सुरू करताना दोन मौलानांना विचारलं. एकानं सांगितलं, वाळवी म्हणजे मुंगीच, नको करू. दुसऱ्यानं सांगितलं, नुकसान करणाऱ्याला हटवायला हरकत नाही. किताब एकच, दोघांनीही तीच उघडून दाखवली.

"मग तुम्ही कुणाचं मानलं?" मी विचारलं.

"जिनके घर में दीमक थी, उनका."

अध्यक्षांना हा माणूस फार आवडला. पण काका आणि मावशी यांचं त्याच्या समोरच जुंपलं, आणि तो चहा पिऊन, ठरलं की फोन करा म्हणून निघून गेला.

शेवटचा उपाय म्हणून सगळे भंतेजींकडं गेले. वर्षावासासाठी आलेले भंतेजी तरुण होते, खुलताबादच्या अलीकडच्या एका खेड्यातले, आणि चीवर घेण्याआधी त्यांनी पॉलिटेक्निक केलं होतं. सगळ्यांनी आपापली बाजू मांडली. त्यांनी ऐकून घेतलं, मागच्या खोलीत जाऊन भिंतीला हात लावला आणि म्हणाले, "आधी ओल काढा."

एवढंच म्हणाले. त्यांना दुसऱ्या वस्तीत भोजनदानाला जायचं होतं.

मला वाटलं, चला, निदान या तीन शब्दांचा तरी एकच अर्थ निघेल. बाहेर ओट्यावर येईपर्यंत तीन निघाले होते. अध्यक्षांच्या मते ओल काढा म्हणजे प्रथम कारणांचा शोध घ्या, अर्थात उपसमिती नेमा. मावशींच्या मते ओल काढा म्हणजे वरच्या टाकीचा गळका पाइप बदला, आणि तो आजवर बदलला नाही याला अध्यक्ष जबाबदार. शिबिरवाले काका डोळे मिटून बसले होते. ते म्हणाले की भंतेजी भिंतीबद्दल बोललेच नाहीत, ते मनातल्या तृष्णेबद्दल बोलले. ओल आत असते. मावशी म्हणाल्या, "आत म्हणजे मागच्या खोलीत, दादा."

पाइप शेवटी बदलला गेला. मावशींनी प्लंबर आणून उभा केला आणि उपसमितीनं त्याचं स्वागत केलं. पण भिंत पावसाळ्यात कुठं वाळते? नळ्या चढतच होत्या. पप्पा रोज संध्याकाळी मऊ ब्रशनं त्या हळूच झाडायचे, खाली पडलेल्या वाळवीला एका जुन्या हँडबिलावर घ्यायचे आणि बाहेर कडुलिंबाखाली नेऊन सोडायचे. मी एकदा पाहिलं तर ते हँडबिल 'चलो मुंबई' असं होतं. ते परत खोलीत येईपर्यंत नवी नळी सुरू झालेली असायची. तळाच्या फळीवरचा एक गठ्ठा त्यांनी उचलला तेव्हा सुतळी हातात आली आणि कागदाचा भुगा खाली बसला. पप्पांनी तो भुगाही चाळून पाहिला. त्या दिवशी जेवताना आईनं त्यांना एकही टोमणा मारला नाही.

आणि मग शिबिरवाले काका मागच्या खोलीत आले. त्यांना माझ्या पत्रकातला तो दाखला खोडून काढायचा होता. त्यासाठी ती पुस्तिका हवी होती आणि तिच्या विरुद्ध दुसरी एखादी मिळाली तर तीही हवी होती. त्यांनी दिव्याखाली धरून थोडं वाचलं, डोळे चोळले आणि विचारलं, की घरी नेऊ का. मी दारातच उभी होते. मला पाटीवरचा नियम पाठ होता आणि पप्पांचं उत्तरही पाठ होतं.

पप्पांनी भिंतीवरच्या नळ्यांकडं एकदा बघितलं. मग म्हणाले, "न्या की. पण सुटं देत नसतो. तुमच्या बाजूचं लई साहित्य आहे बघा, नेमकं कुठल्या गठ्ठ्यात ते आठवत नाही. हे चार न्या."

काका चार गठ्ठे पोटाशी धरून गेले. दुसऱ्या दिवशी ही बातमी मावशींना कळली, किंवा कळवली गेली. त्या महिला मंडळाच्या दोघीजणींना घेऊन आल्या. पप्पांनी त्यांनाही सांगितलं की मावशी, तुमच्या बाजूचं तर त्याहून जास्त आहे, ही सगळी वरची फळी चाळावी लागेल. त्यांनी वरची फळी नेली. मग अध्यक्ष आले. उपसमितीला दोन्ही बाजूंचे पुरावे तपासायचे होते. पप्पांनी त्यांना सांगितलं की समितीला अर्धवट देणं बरं नाही. अध्यक्षांचा जावई रिक्षा घेऊन आला.

मला हे काय चाललंय ते कळायला तिसरी फेरी व्हावी लागली. त्या दिवशी मी पप्पांना विहाराच्या पायरीवर गाठलं आणि चौथ्या शीलाची आठवण करून दिली. खोटं बोलणार नाही, हेही तुम्हीच शिकवता. मी खरंच चिडले होते. मी सरळ मार्गानं, स्वतःच्या खर्चानं पत्रक काढून भांडत होते, आणि हा माणूस तीन बाजूंना तीन गोष्टी सांगून मांडणी रिकामी करत होता.

"खोटं काय बोललो?" पप्पा म्हणाले. "प्रत्येकाच्या बाजूचं आहेच त्यात."

आणि होतंच. पुढचे दोन महिने कॉलनीत जे चाललं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. काकांना हिंसेच्या व्याख्येवरची एक जुनी चोपडी सापडली. मावशींच्या सुनेला त्याच चोपडीला त्याच महिन्यात दिलेलं उत्तर सापडलं. अध्यक्षांना त्या दोन्हींचा निषेध करणारं हँडबिल सापडलं, आणि त्याच्या खाली पप्पांचं नाव होतं. किराणा दुकानाच्या बाकावर माणसं ओली पत्रकं पंख्याखाली वाळवत बसू लागली. जो तो आपल्याला हवं ते शोधायला गठ्ठा सोडायचा आणि नको ते सापडल्यानं दुसऱ्या दिवशी आणखी तावातावानं बोलायचा. संध्याकाळी ग्रंथवाचनाला गर्दी वाढली, कारण आज कोण कोणत्या वाक्यावर खाकरतं ते सगळ्यांना बघायचं होतं. भंतेजींना वाटलं, धम्माची गोडी लागली. मला विचाराल तर लागली होतीच.

वर्षावास संपला, समाप्तीची खीर झाली, आणि तहकूब केलेला विषय अध्यक्षांनी पुन्हा घेतला. तोवर मागच्या खोलीत मांडणी सोडून काही उरलं नव्हतं. तीही मावशींनी चार बायकांना हाताशी धरून बाहेर काढली आणि वाळवीसकट कडुलिंबाखाली नेऊन ठेवली. यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. म्हणजे काकांनी याला दान म्हटलं, अध्यक्षांनी निकामी सामानाचं निर्लेखन म्हणून कार्यवृत्तात घेतलं, आणि मावशी म्हणाल्या की हाकललं एकदाचं. कुणी कुणाला मारलं नाही. पहिलं शील आपल्यामुळं पाळलं गेलं अशी तिघांचीही खात्री आहे.

त्याच बैठकीत एका कंत्राटदारानं लोखंडी रॅक द्यायचं कबूल केलं. भिंतही वाळली होती. पप्पा उभे राहिले आणि म्हणाले की सगळ्यांनी आता आपापले गठ्ठे परत आणून द्यावेत.

सगळे सतरंजीकडं बघायला लागले. काका म्हणाले, अजून चाळून व्हायचेत. अध्यक्ष म्हणाले, उपसमितीला मुदतवाढ मिळालेली आहे. मावशी म्हणाल्या, "भाऊ, माझा मुद्दा सापडला की आणून देते." त्यांचा मुद्दा आता वाळवीचा राहिलेलाच नव्हता. खोकल्याचं औषध घेतल्यानं पाचवं, म्हणजे नशेपासून दूर राहायचं, शील मोडतं का, यावर त्या आणि काका पेटले होते.

रॅक आले. चकचकीत, रिकामे. पप्पांनी ते पुसले आणि दुसरं काही करायला नव्हतं म्हणून घरी आले. संध्याकाळ त्यांच्या अंगावर आली होती. ते खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले. मला वाईट वाटलं. मी म्हटलं, मी दारोदार जाऊन सगळं गोळा करून आणते, नाही दिलं तर पत्रक काढते. ते म्हणाले, थांब. मग फोन हातात घेऊन ग्रुपवर काकांनी टाकलेलं काहीतरी बराच वेळ वाचत राहिले. एकदम उठले, चष्मा खिशात टाकला आणि चपला शोधायला लागले.

"कुठं निघालात?" आईनं आतून विचारलं.

"काकांकडं," पप्पा म्हणाले. "ते पान चुकीचं वाचतायत."